वाचकांचे प्रश्न : विल्ट चेंबरलेनचे आकडे

मागील अंकात आम्ही अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा खेळाडू विल्ट चेंबरलेन (१९३६–१९९९) याच्या चौदा हंगामांचा तक्ता प्रसिद्ध केला होता. त्यातील काही आकड्यांवर वाचकांनी शंका घेतल्या आहेत आणि काहींनी तर ही छपाईतील चूक असावी असे स्पष्टच कळवले आहे. त्यांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. सर्व आकडे साखळी सामन्यांचे आहेत. बाद फेरीचा उल्लेख जेथे येतो तेथे तसे सांगितले आहे.

प्रश्न : तक्त्यात १९६१-६२ या हंगामापुढे ‘प्रतिसामना ४८.५ मिनिटे’ असे छापले आहे. एनबीएचा सामना तर ४८ मिनिटांचाच असतो. सामना चालतो त्याहून अधिक वेळ खेळाडू मैदानावर कसा राहील? कृपया आकडा दुरुस्त करावा.

उत्तर : आकडा बरोबर आहे, दुरुस्तीची गरज नाही. बारा मिनिटांचे एक अशी चार सत्रे मिळून सामना ४८ मिनिटांचा होतो हे खरे. परंतु शेवटी बरोबरी झाली तर पाच मिनिटांचे जादा सत्र खेळवले जाते आणि निकाल लागेपर्यंत अशी सत्रे वाढत जातात. चेंबरलेनचा त्या वेळचा संघ फिलाडेल्फिया वॉरियर्स या हंगामात ८० सामने खेळला आणि त्यांत जादा वेळेची दहा सत्रे झाली. ८० सामन्यांची ३,८४० आणि जादा वेळेची ५० अशी एकूण ३,८९० मिनिटे वॉरियर्सचा संघ मैदानावर होता. त्यांपैकी ३,८८२ मिनिटे चेंबरलेन खेळला. उरलेली आठ मिनिटेही त्याने विश्रांतीसाठी घेतलेली नाहीत. ३ जानेवारी १९६२ रोजी लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्ध पंचांशी वाद घातल्यामुळे त्याला बाहेर काढण्यात आले, तेव्हा सामन्याची एवढीच मिनिटे शिल्लक होती.

माझ्या मते संपूर्ण तक्त्यात सर्वांत थक्क करणारा आकडा हाच आहे, मात्र त्याच्याकडे लक्ष सहसा सर्वांत शेवटी जाते. एनबीएमध्ये सहा फाउल झाले की खेळाडूला त्या सामन्यातून बाहेर जावे लागते. रिंगजवळ उभे राहून प्रत्येक शॉट अडवणे हे ज्याचे काम, त्या सेंटरला हा धोका सर्वाधिक असतो. असे असूनही चेंबरलेन साखळीचे १,०४५ आणि बाद फेरीचे १६० सामने खेळला आणि त्यांतील एकाही सामन्यात सहा फाउलांमुळे बाहेर गेला नाही. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फाउलांची संख्या वाढू लागली की तो बचावात हात आखडता घेतो, स्वतःचा हा विक्रम जपतो, असा आरोप त्याच्यावर त्याच्या काळातच होत असे आणि तो अगदीच निराधार होता असे म्हणता येणार नाही. तरीही संपूर्ण कारकिर्दीत प्रतिसामना ४५.८ मिनिटे मैदानावर राहणे, तेही चौदा हंगाम, ही गोष्ट आजच्या खेळात कल्पनेपलीकडची आहे. आज अव्वल खेळाडूसुद्धा साधारणपणे ३५ ते ३७ मिनिटे खेळतो.

प्रश्न : एका सामन्यात १०० गुण केल्याचे दृश्य कोठेही पाहायला मिळत नाही. हा विक्रम खरोखर घडला याला पुरावा काय?

उत्तर : चित्रफीत उपलब्ध नाही, कारण त्या सामन्याचे दूरचित्रवाणीवर प्रक्षेपणच झाले नव्हते. सामना २ मार्च १९६२ रोजी पेन्सिल्व्हेनिया राज्यातील हर्शी या गावी न्यूयॉर्क निक्सविरुद्ध झाला. वॉरियर्सचे घरचे मैदान फिलाडेल्फियात होते, पण हंगामातील काही सामने ते हर्शीला खेळत. हंगाम संपत आला होता आणि नोंदीनुसार त्या रात्री केवळ ४,१२४ प्रेक्षक हजर होते. पुरावा म्हणून अधिकृत गुणपत्रक आहे, वृत्तसंस्थांनी त्याच रात्री दिलेल्या बातम्या आहेत आणि शेवटच्या सत्राच्या रेडिओ समालोचनाचे ध्वनिमुद्रण आहे. चेंबरलेनने हातात धरलेल्या कागदावर ‘१००’ असे लिहिलेले जे छायाचित्र सर्वत्र दिसते, त्यातील तो आकडा संघाचे आकडेवारीकार हार्वे पोलॅक यांनी सामना संपल्यावर लिहून दिला होता.

गुणपत्रकातला हिशेबही चोख जुळतो. चेंबरलेनने खेळातून ६३ शॉट घेतले आणि ३६ बास्केट केले, त्याचे ७२ गुण झाले. फाउलनंतर मिळणाऱ्या, प्रत्येकी एका गुणाच्या ३२ फ्री थ्रोपैकी २८ यशस्वी झाले, म्हणजे एकूण १००. चार सत्रांत त्याने अनुक्रमे २३, १८, २८ आणि ३१ गुण केले. वॉरियर्सने सामना १६९-१४७ असा जिंकला. निक्सचा नेहमीचा सेंटर त्या रात्री खेळला नाही आणि त्याच्या जागी उतरलेला डॅरल इमहॉफ वीस मिनिटांतच सहा फाउल करून बाहेर गेला, हेही येथे नोंदवायला हवे.

शेवटच्या सत्रात मात्र सामन्याचे रूप बदलले. चेंबरलेनकडे चेंडू जाऊ नये म्हणून निक्सचे खेळाडू वॉरियर्सच्या इतर खेळाडूंवर मुद्दाम फाउल करू लागले आणि चेंडू लवकर परत मिळावा म्हणून, सामना आपल्या खिशात असतानाही, वॉरियर्सचे खेळाडू निक्सवर फाउल करू लागले. हा खेळ बास्केटबॉल म्हणून देखणा होता असे कोणी म्हणणार नाही. ज्यांना हा विक्रम ओढूनताणून केलेला वाटतो त्यांचा आक्षेप या शेवटच्या टप्प्यापुरता मान्य करावा लागेल, परंतु त्यापूर्वीच्या छत्तीस मिनिटांत झालेल्या ६९ गुणांना तो लागू होत नाही. शिवाय त्याच हंगामात त्याने डिसेंबरमध्ये लेकर्सविरुद्ध तीन जादा सत्रांच्या सामन्यात ७८ आणि जानेवारीत शिकागोविरुद्ध ७३ गुण केले होते. पन्नास किंवा अधिक गुण त्याने त्या एका हंगामात ४५ वेळा आणि कारकिर्दीत ११८ वेळा केले. हर्शीचा सामना हिशेबातून पूर्ण वगळला तरी उरलेल्या ७९ सामन्यांत त्याची सरासरी ४९.७ राहते. म्हणून शंभरापेक्षा मला हंगामाची ५०.४ ही सरासरी अधिक भक्कम वाटते, कारण एका रात्रीच्या अनुकूल योगायोगावर ती उभी नाही.

प्रश्न : मायकेल जॉर्डन आणि कोबी ब्रायंट यांनाही हंगामात ५० ची सरासरी गाठता आली नाही. मग चेंबरलेन या दोघांहून फार मोठा गुणवीर होता, असे मानायचे का? की त्या काळचा खेळच सोपा होता?

उत्तर : दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. प्रथम काळाचा विचार करू. १९६१-६२ मध्ये लीगमध्ये नऊ संघ होते आणि खेळाचा वेग विलक्षण होता. प्रत्येक संघ एका सामन्यात सरासरी सुमारे १०८ शॉट घेत असे. आज ही संख्या ९० च्या आत आहे. शॉट अधिक, म्हणजे गुण मिळवण्याच्या संधी अधिक. पण त्या काळी शॉट चुकतही अधिक असत. खेळातून घेतलेल्या शॉटपैकी त्या हंगामात लीगभरात ४३ टक्क्यांच्या आसपासच यशस्वी झाले, तर चेंबरलेनने आपल्या ३,१५९ शॉटपैकी १,५९७, म्हणजे ५०.६ टक्के यशस्वी केले. तो सामन्याला सरासरी ३९ हून अधिक शॉट आणि १७ फ्री थ्रो घेत होता. एवढे शॉट एका खेळाडूने घ्यावेत हा संघाने जाणूनबुजून ठरवलेला डाव होता. प्रशिक्षक फ्रँक मग्वायर यांनी चेंडू जास्तीत जास्त चेंबरलेनकडे देण्याचे धोरण आखले होते आणि त्याला विश्रांती न देणे हा त्याच धोरणाचा भाग होता.

आता मिनिटांचा हिशेब मांडू. छत्तीस मिनिटांमागे किती गुण, असे माप घेतले तर चेंबरलेनच्या १९६१-६२ च्या हंगामाचे ३७.४ गुण येतात. जॉर्डनच्या १९८६-८७ च्या हंगामाची सरासरी ३७.१ होती आणि तो सामन्याला ४० मिनिटे खेळत होता, त्याचे ३३.४ येतात. ब्रायंटच्या २००५-०६ च्या हंगामाचे (सरासरी ३५.४) साधारण ३१ येतात. जेम्स हार्डनने २०१८-१९ मध्ये ३६.१ ची सरासरी राखली, तीही ३७ मिनिटांहून कमी वेळात, त्यामुळे त्याचे ३५ च्या वर जातात. पन्नास आणि सदतीस यांच्यात जी दरी दिसत होती ती अशा रीतीने बरीच भरून निघते, आणि वेगातला फरकही धरला तर चेंबरलेनची आघाडी जवळपास उरत नाही.

संघाच्या गुणांतील वाटा हे दुसरे माप मला अधिक बोलके वाटते. वॉरियर्सचा संघ त्या हंगामात सामन्याला सुमारे १२५ गुण करीत होता, म्हणजे संघाचे ४० टक्के गुण एकट्या चेंबरलेनचे होते. जॉर्डनचा शिकागो बुल्स संघ १९८६-८७ मध्ये सुमारे १०५ गुण करीत होता आणि त्यात जॉर्डनचा वाटा ३५ टक्के होता. येथे चेंबरलेन स्पष्टपणे पुढे दिसतो. परंतु चेंबरलेन संपूर्ण सामना खेळत होता आणि जॉर्डन आठ मिनिटे बाकावर बसत होता. जॉर्डन मैदानावर असतानाच्या चाळीस मिनिटांतील संघाचे गुण सम प्रमाणात धरले, तर त्याचा वाटा ४२ टक्क्यांवर जातो. हा हिशेब ढोबळ आहे, कारण जॉर्डन बाकावर असताना बुल्सची गुण करण्याची गती कमी होत असणार. पण दिशा त्यातून कळते. मैदानावर असताना संघाचा भार उचलण्यात दोघे जवळजवळ सारखे होते. चेंबरलेन वेगळा ठरतो तो हा भार ८० सामन्यांत एकही दिवस खाली न ठेवता वाहण्यात. एका हंगामात ३,००० हून अधिक गुण आजवर या दोघांनीच केले आहेत : चेंबरलेनने सलग तीन हंगामांत (३,०३३, ४,०२९ आणि ३,५८६) आणि जॉर्डनने एकदा (३,०४१).

‘सोपा खेळ’ या शंकेबद्दल थोडे. सात फूट एक इंच उंचीचा चेंबरलेन रिंगजवळच उभा राहत असल्यामुळे गुण करतो, अशी तक्रार तेव्हाही होती. १९६४ मध्ये लीगने रिंगसमोरील प्रतिबंधित पट्टा १२ फुटांवरून १६ फुटांपर्यंत रुंद केला, म्हणजे चढाई करणाऱ्या खेळाडूला जेथे तीन सेकंदांहून अधिक थांबता येत नाही ते क्षेत्र वाढवले. त्यानंतरच्या दोन हंगामांत चेंबरलेनची सरासरी ३४.७ आणि ३३.५ राहिली आणि दोन्ही वर्षी लीगमध्ये सर्वाधिक तीच होती.

प्रश्न : ज्या वर्षी ५०.४ ची सरासरी, त्याच वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार दुसऱ्याला कसा मिळाला?

उत्तर : तो बोस्टन सेल्टिक्सच्या बिल रसेलला मिळाला आणि चेंबरलेन दुसऱ्या क्रमांकावर राहिला. त्या काळी या पुरस्कारासाठी लीगमधील खेळाडूच मतदान करीत. रसेलची गुणांची सरासरी १८.९ होती, पण सेल्टिक्सने ८० पैकी ६० सामने जिंकले होते आणि वॉरियर्सने ४९. त्याच हंगामात सिनसिनाटीच्या ऑस्कर रॉबर्टसनने गुण, रीबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर मिळवलेला चेंडू) आणि असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटसाठी दिलेला पास) या तिन्हींत दहाच्या वर सरासरी राखली होती, तीही पुरस्काराला पुरली नाही. सहकारी आणि प्रतिस्पर्धी खेळाडूंनी गुणांपेक्षा बचावाला आणि विजयांना अधिक वजन दिले, एवढाच याचा अर्थ. त्यात चेंबरलेनवर अन्याय झाला असे मला वाटत नाही. बाद फेरीत हे दोन संघ समोरासमोर आले तेव्हा मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली आणि सेल्टिक्सने तो अवघ्या दोन गुणांनी, १०९-१०७ असा जिंकला. चेंडू दुसऱ्या बाजूने पडला असता तर या हंगामाबद्दलची चर्चा आज वेगळ्या सुरात झाली असती. चेंबरलेनला हा पुरस्कार एकूण चार वेळा मिळाला : पहिल्याच हंगामात, १९६० मध्ये, आणि पुढे १९६६, १९६७ व १९६८ मध्ये.

प्रश्न : कारकिर्दीच्या सरासरीत जॉर्डन आणि चेंबरलेन या दोघांपुढेही ३०.१ असा आकडा आहे. मग पहिला क्रमांक जॉर्डनचा कसा?

उत्तर : दुसऱ्या दशांश स्थळामुळे. जॉर्डनने १,०७२ सामन्यांत ३२,२९२ गुण केले, सरासरी ३०.१२. चेंबरलेनने १,०४५ सामन्यांत ३१,४१९ गुण केले, सरासरी ३०.०७. म्हणजे संपूर्ण कारकिर्दीत चेंबरलेनला आणखी साठ गुण मिळाले असते तरी क्रम उलटला असता. एकूण गुणांचा उच्चांक निवृत्तीच्या वेळी चेंबरलेनच्याच नावावर होता. तो ५ एप्रिल १९८४ रोजी करीम अब्दुल-जब्बारने मोडला आणि अब्दुल-जब्बारचा ३८,३८७ गुणांचा उच्चांक ७ फेब्रुवारी २०२३ रोजी लेब्रॉन जेम्सने मागे टाकला. चेंबरलेनचा २३,९२४ रीबाउंडचा उच्चांक मात्र अजून अबाधित आहे.

प्रश्न : एवढा मोठा खेळाडू फ्री थ्रोमध्ये इतका कच्चा कसा? समोर अडवणारा कोणी नसताना निम्मे शॉट चुकतात हे पटत नाही.

उत्तर : आकडे आपण म्हणता तसेच आहेत. कारकिर्दीत ११,८६२ फ्री थ्रो, त्यांपैकी ६,०५७ यशस्वी, म्हणजे ५१.१ टक्के. १९६७-६८ मध्ये तर हे प्रमाण ३८ टक्क्यांवर आले होते. त्याने सामान्य म्हणावे असे ७५ टक्के प्रमाण राखले असते तर एकूण गुणांत सुमारे २,८०० ची भर पडून सरासरी ३२.८ च्या घरात गेली असती आणि वरच्या प्रश्नाला जागाच उरली नसती.

यातील गंमत अशी की उपाय त्याच्या हाताशी होता. १९६१-६२ च्या हंगामात तो दोन्ही हातांनी चेंडू गुडघ्यांजवळून वर उचलून, खालच्या बाजूने फ्री थ्रो टाकत असे. त्या हंगामातील ६१.३ टक्के हे त्याचे कारकिर्दीतील सर्वोत्तम प्रमाण आहे आणि हर्शीतील ३२ पैकी २८ फ्री थ्रोही याच पद्धतीचे. पुढे त्याने ती सोडून दिली, कारण तसे टाकताना आपण हास्यास्पद दिसतो असे त्याला वाटे. रिक बॅरी हा खेळाडू मात्र तीच पद्धत आयुष्यभर वापरून एनबीएमध्ये ९० टक्क्यांच्या जवळपास राहिला. लाजेपोटी सोडलेल्या गुणांचा एवढा स्पष्ट हिशेब खेळांच्या इतिहासात क्वचितच मांडता येत असेल.

प्रश्न : तक्त्यात ब्लॉक आणि तीन गुणांच्या बास्केटचे रकाने रिकामे का?

उत्तर : एनबीएने ब्लॉकची, म्हणजे हवेतच अडवलेल्या शॉटची, अधिकृत नोंद १९७३-७४ पासून सुरू केली आणि चेंबरलेनचा शेवटचा हंगाम १९७२-७३ हा होता. तीन गुणांची रेषा १९७९-८० मध्ये आली.

प्रश्न : १९६६-६७ पासून त्याची गुणांची सरासरी एकदम ३३ वरून २४ वर येते आणि शेवटी १३ पर्यंत घसरते. दुखापत झाली होती की वयाचा परिणाम?

उत्तर : दुखापत झाली होती, पण ती नंतर, गुडघ्याच्या त्या दुखापतीमुळे १९६९-७० मध्ये तो साखळीचे केवळ १२ सामने खेळू शकला. १९६६-६७ मधील घसरण ठरवून केलेली होती. तोपर्यंत सात हंगाम सलग तो लीगमधील सर्वाधिक गुण करणारा खेळाडू होता आणि विजेतेपद एकही नव्हते. फिलाडेल्फिया सेव्हन्टी सिक्सर्स या त्याच्या तेव्हाच्या संघाचे प्रशिक्षक ॲलेक्स हॅनम यांनी त्याला शॉट कमी करून चेंडू सहकाऱ्यांकडे देण्यास सांगितले. १९६१-६२ मध्ये सामन्याला ३९ हून अधिक शॉट घेणारा खेळाडू या हंगामात १४ शॉट घेऊ लागला, आणि त्यांतील ६८.३ टक्के यशस्वी करू लागला. असिस्टची सरासरी ७.८ झाली. संघाने ८१ पैकी ६८ सामने जिंकले, बाद फेरीत सेल्टिक्सला ४-१ असे हरवून त्यांची सलग आठ विजेतेपदांची मालिका खंडित केली आणि अंतिम फेरीत सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सला हरवले. वॉरियर्स म्हणजे त्याचाच जुना संघ, जो १९६२ मध्ये फिलाडेल्फिया सोडून तिकडे गेला होता. पुढच्या वर्षी, १९६७-६८ मध्ये, त्याने ७०२ असिस्ट करून लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. एकूण असिस्टमध्ये पहिला येणारा तो पहिलाच सेंटर, मात्र सामन्यामागे सरासरी काढली तर त्या वर्षी रॉबर्टसन पुढे होता.

१९६८ मध्ये तो लेकर्सकडे गेला. तेथे एल्जिन बेलर आणि जेरी वेस्ट हे गुण करणारे दोन मोठे खेळाडू आधीच होते, त्यामुळे त्याचे काम बचाव आणि रीबाउंड यांकडे वळत गेले. १९७१-७२ मध्ये त्याची सरासरी १४.८ होती, आणि तो हंगाम लेकर्सच्या सलग ३३ विजयांचा व विजेतेपदाचा ठरला. अंतिम फेरीतील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्यालाच मिळाला. शेवटच्या हंगामात वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तो सर्व ८२ सामने खेळला. गुणांची सरासरी १३.२ होती, पण ७२.७ टक्के शॉट यशस्वी झाले, १८.६ रीबाउंडच्या सरासरीने तो लीगमध्ये पहिला राहिला आणि मिनिटांची सरासरी होती ४३.२.